बरगड्या, धूर आणि माझं तोंड

माझा पाय एका जागी ठरत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आई म्हणायची, हिच्या तळपायाला कुणीतरी मिरची चोळून ठेवलीय. पण त्या दिवशी सकाळी सातपासून मी ज्या येरझाऱ्या घालत होते, त्या बघून मागच्या अंगणातलं मांजरसुद्धा कंटाळून भिंतीवर जाऊन बसलं. खाणावळीच्या पुढच्या खोलीत जायचं, पुसलेली टेबलं पुन्हा पुसायची, मागच्या दाराशी यायचं, पायरीवर बसून लसणाच्या चार पाकळ्या सोलायच्या, की पुन्हा उठायचं. दुपारी एक वाजता भाऊजी बरगड्यांचा पहिला घास घेणार होते, आणि त्या एका घासावर आमच्या यांचं उद्यापासूनचं सगळं ठरणार होतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. खाणावळ त्यांची. गिऱ्हाईकं, नोकर, बाजार, सगळं तेच बघतात. मागच्या अंगणातली भट्टी मात्र बावीस वर्षं आमच्या यांच्या हातात आहे. एक मोठं लोखंडी पिंप आडवं ठेवलेलं, त्याच्या एका अंगाला जळणाची पेटी, दुसऱ्या अंगाला धुराडं. जाळ पेटीत राहतो आणि पिंपात जातो तो फक्त ऊब आणि धूर. त्या धुरावर डुकराच्या बरगड्या सहा तास सावकाश शिजतात आणि त्या खायला लोक लांबून येतात. म्हणजे येत होते. गेल्या तीन आठवड्यांत चार वेळा ताट तसंच परत आलं होतं. एक बाई म्हणाल्या, डांबर लावल्यासारखं लागतंय. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी भाऊजींना हळूच विचारलं, तुमचा जुना माणूस सोडून गेला का?

ते भाऊजींना फार लागलं. आदल्या दिवशी दुपारी गर्दी ओसरल्यावर ते मागे आले. विजेवर चालणारं धुराचं कपाट त्यांनी आणूनही ठेवलं होतं, कोठीच्या खोलीत, खोक्यातच.

"दादा, मी काय म्हणतो," ते म्हणाले. त्यांच्या तोंडातून शब्द निघत नव्हते हे दिसत होतं. "उद्या एक वाजता मी स्वतः खाऊन बघतो. चांगलं निघालं तर प्रश्नच नाही. पण उद्याही तसंच निघालं, तर परवापासून कपाट लावू. तू घरी आराम कर. खूप केलंस."

हे खाली वाकून पेटीतली राख ओढायला लागले. या माणसाला आराम म्हणजे शिक्षा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा घरातले सगळे स्क्रू पिळून बघतो. भट्टी गेली तर हा माणूस सहा महिन्यांत अंथरूण धरेल, एवढं मला स्वच्छ दिसत होतं, आणि रात्रभर दुसरं काही दिसलंच नाही.

त्यात मला एक गोष्ट माहीत होती, जी भाऊजींना माहीत नव्हती. आमच्या यांना वास येत नव्हता.

मला ते तीन आठवड्यांपूर्वी कळलं. घरी मी अंघोळीला गेले होते आणि गॅसवर दूध होतं. बाहेर आले तर सगळं घर करपलेल्या वासाने भरलेलं, आणि हे गॅसपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. मी धावत जाऊन गॅस बंद केला. यांनी मान वर केली आणि विचारलं, "काय झालं?" थट्टा नव्हती ती, खरोखरच विचारत होते. मी म्हटलं, "काही नाही, विसरले मी," आणि पातेलं घासायला घेतलं.

धुरावर मांस शिजवणाऱ्या माणसाचं नाक जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको. लाकूड वरून कितीही खडखडीत वाळलेलं दिसलं तरी गाडीतले दहावीस ओंडके आतून कुबट निघतातच. जळायला ते झकास जळतात, धूरही पातळ देतात, डोळ्यांना काही म्हणता काही कळत नाही. म्हणून प्रत्येक ओंडका फोडायचा, फोडलेली बाजू नाकाशी न्यायची आणि मगच पेटीत टाकायचा. कुबट लाकूड पेटीत गेलं की तो वास मांसात मुरलाच समजा. त्याला मग उतारा नाही.

मी यांना विचारलं नाही. विचारलं तर ते खचतील अशी मला भीती वाटत होती. लपवायचं तर नीट लपवायला हवं होतं, आणि तिथेच माझी पंचाईत. माझ्या तोंडावर सगळं उमटतं. शाळेत मी कधी कॉपी केली नाही ती याच कारणाने, प्रामाणिकपणाचा काही संबंध नव्हता. तेव्हा मी यांच्यासमोर तोंड मख्ख ठेवायची सवय लावून घेतली. दातावर दात, नजर समोरच्या भिंतीवर. आरशासमोर उभं राहून सराव केला. दोनदा यांची पाठ वळलेली बघून कुबट ओंडके पदराखाली पळवलेसुद्धा. पण रोज कुठे जमतंय ते?

आणि त्या सकाळी तर हे भट्टीपासून हलायलाच तयार नव्हते. पहाटेच येऊन बरगड्या तयार केल्या होत्या. बरगड्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. तो ठेवला तर मसाला आत शिरत नाही आणि खाताना दाताखाली रबर येतं. चमच्याचा दांडा हाडावरून आत सरकवून यांनी एक कोपरा उचकटला, फडक्यात धरला आणि एका दमात टोकापर्यंत ओढून काढला. मी केलं की त्याच्या दहा चिंध्या होतात. मग मीठ, मिरी, तिखट, साखर आणि माझा लसूण. चोळून तासभर ठेवलं, मांसाला पाणी सुटून मसाला ओला झाला, आणि सातच्या ठोक्याला बरगड्या पिंपात गेल्या. पिंपावरचा उष्णतेचा काटा एकशे दहा अंशांवर. त्याच्या वर जाऊ द्यायचा नाही की खाली येऊ द्यायचा नाही. हात तेच, नजर तीच. बघणाऱ्याला वाटलं असतं, या माणसाचं काय बिघडलंय?

यांनी पहिला ओंडका फोडला. नाकाशी नेला. माझ्याकडे बघितलं. मी पायरीवर लसूण सोलत होते, मी नजर उचलून पन्हाळीकडे लावली. ओंडका चांगला होता, पेटीत गेला. दुसराही चांगला. तिसरा फोडला आणि मला सहा पावलांवरून वास आला, ओल्या गोणपाटाचा. यांनी तो नाकाशी नेला, जरा जास्तच वेळ धरला, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी पन्हाळीला किती जोड आहेत ते मोजायला लागले. ओंडका पेटीत गेला.

मी उठले आणि पुढे जाऊन टेबलं पुसली.

साडेआठला भाऊजी बाजारातून आले. "काय वहिनी, टेबलांची कातडी काढताय का?" त्यांनी विचारलं. एरवी मी चार शब्द परत दिले असते. तेव्हा नुसतं "हं" म्हणाले. तेही जागचे हलेनात. मग हळूच म्हणाले, "दादा काही बोलला का रात्री?"

"नाही."

"मलाही झोप लागली नाही," असं म्हणून ते भाजीच्या पिशव्या घेऊन आत गेले. त्यांच्यावर रागवायचं मी ठरवलं होतं, पण तेही नीट जमेना.

मी परत मागे. पायरी. लसूण एव्हाना चार दिवस पुरेल इतका सोलून झाला होता. आणखी एक कुबट ओंडका गेला, थोड्या वेळाने आणखी एक. प्रत्येक वेळी हे माझ्याकडे बघत आणि मी भिंतीकडे बघे. माझ्या मनात एकच चाललं होतं: सांगू की नको? सांगितलं तर हा माणूस आत्ता मोडणार, नाही सांगितलं तर एक वाजता मोडणार. घड्याळात बघितलं तर दहाला पाच कमी. तीन तास होत आले होते. मांस धूर पितं ते पहिल्या दोन-तीन तासांतच, पुढे नुसतं शिजतं. म्हणजे जे बिघडायचं ते बिघडत चाललं होतं आणि मी पाकळ्या सोलत होते.

चौथा कुबट ओंडका यांनी पेटीत टाकला आणि माझा बांध फुटला.

"तो बाहेर काढा," मी म्हणाले.

"कुठला?"

"आत्ता टाकलात तो. आधीचेही तीन गेलेत. कुबट आहेत सगळे."

हे चिमटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता हे मटकन खाली बसणार. पण हे भडकले.

"मग सकाळपासून तोंड शिवून का बसलीस?"

"मी?"

"नाहीतर कोण, ते मांजर? सात वाजल्यापासून एकेक ओंडका तुझ्यासमोर धरतोय. एकदा तरी तोंड वाकडं केलंस? त्या भिंतीत काय पुरून ठेवलंय तुझं?"

मला काही उमगेना. यांनी आधी जळता ओंडका ओढून मातीत विझवला, धुराड्याची झडप पूर्ण उघडली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला वास येत नाही. चवही नाही. खाताना गरम आणि मऊ, एवढंच कळतं."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"मला वर्ष झालं," हे म्हणाले. "गेल्या वर्षीच्या तापात गेला तो आलाच नाही."

वर्ष! मी पायरीवरच बसले. त्या वर्षात लोक लांबून येत होते, बोटं चाटत होते. याच वर्षात हे माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे बंद झाले होते, आणि मी मैत्रिणींना सांगत सुटले होते की वयानं माणूस सुधारतो.

"अहो, पण मग वर्षभर लाकूड कसं निवडलंत?"

"तुझ्यावरून." यांनी चिमटा पेटीवर आपटला. "तू इथे लसूण सोलत बसतेस. मी ओंडका फोडतो, नाकाला लावल्यासारखं करतो आणि तुझ्याकडे बघतो. चांगला असला तर तू सोलत राहतेस. कुबट असला की तुझं नाक असं होतं." यांनी माझी नक्कल केली. काय भयंकर दिसत होती ती. "लगेच बाजूला टाकायचा. वर्षभर एकदाही चुकलो नाही. आणि तीन आठवड्यांपूर्वी एकदम तुझं तोंड बंद. कुबट असो, चांगला असो, तू आपली भिंतीकडे. मी डोकं खाजवतोय, हिला राग कशाचा आलाय? रोज रात्री आठवतोय, आपण काय बोललो, काय विसरलो."

म्हणजे चारही ताटं परत आली होती ती माझ्यामुळे. मी ज्याला जपत होते, त्याच्या डोळ्यांवर मीच हात धरून उभी होते. मला हसू आलं, मग रडू आलं, मग राग आला, आणि रागच आधी बाहेर पडला.

"वर्षभर मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तुला तीन आठवडे सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही खचाल म्हणून नाही बोलले."

"मीही तू घाबरशील म्हणून नाही बोललो. आणि लाजही वाटली. नाकच गेल्यावर भट्टीवाला कसला मी?"

घड्याळ काही थांबणार नव्हतं. मी उठून लाकडाच्या ढिगाशी गेले. "फोडा," म्हटलं. यांनी एकामागून एक आठ ओंडके फोडले. मी खुशाल नाकं मुरडली, तोंडं वेडीवाकडी केली, तीन आठवड्यांची सगळी थकबाकी चुकवली. पाच ठेवले, तीन भिंतीपलीकडे भिरकावले.

मग यांनी बरगड्या बाहेर काढल्या. व्हिनेगरच्या पाण्यात फडकं पिळून वरचा काळा थर हलक्या हाताने पुसला. पुन्हा थोडा मसाला, वर सफरचंदाच्या रसाचा शिडकावा, आणि जाड कागदात घट्ट गुंडाळून परत आत. दोन तास तशा वाफेत मऊ होऊ द्यायच्या, शेवटचा एक तास कागद सोडून चांगल्या धुरावर वरून कोरड्या होऊ द्यायच्या. माझ्या हाताला सारखा चाळा. झाकण उचलून बघावं असं दर पाच मिनिटांनी वाटे. "हात लावू नकोस," हे म्हणत. "उघडलं की ऊब जाते, ती परत यायला पाव तास लागतो. बस." मी बसे. आणि उठे.

"निघेल का तो वास?" मी शेवटी विचारलं.

"तूच सांगशील," हे म्हणाले.

एक वाजता भाऊजी आले. हात धुऊन, बाह्या सरसावून, परीक्षेला बसल्यासारखे उभे राहिले. यांनी बरगड्यांची पट्टी चिमट्याने मधोमध धरून उचलली. दोन्ही टोकं खाली वाकली आणि वरच्या थराला बारीक तडे गेले, पण तुटली नाही. हाडांची टोकं बोटाच्या पेराएवढी मोकळी झाली होती. मांस हाडावरून गळून पडलं तर ते जास्त शिजलं, दाताने ओढल्यावर अलगद सुटलं तर बरोबर. अगदी बरोबर होतं ते. बावीस वर्षांचे हात होते ते, त्यांना नाक लागत नाही.

यांनी तीन तुकडे केले. भाऊजींनी चावा घेतला. मी माझा उचलला. यांनी मात्र स्वतःच्या ताटलीला हात लावला नाही.

भाऊजींनी डोळे मिटून चावलं. आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अरे, छान आहे की!" ते म्हणाले. "दादा, मऊ किती झालंय! मी उगाच..." दादाला काढायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं. त्यांना ते चांगलं लागायलाच हवं होतं, म्हणून लागलं.

मीही चावत होते. आधी गोड लागलं, मग तिखट, मग धूर, चांगला धूर. आणि घास गिळताना, अगदी हाडाजवळच्या मांसात, ते आलं. फार नाही, पण होतं. ओलं गोणपाट.

हे माझ्याकडे बघत होते.

मला फक्त भिंतीकडे बघायचं होतं. तीन आठवडे हेच तर शिकले होते मी. भाऊजी खूश होते, भट्टी यांच्याकडे राहत होती, उद्यापासून मी नीट लाकूड निवडून दिलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. पण त्या माणसाने सगळा भरवसा माझ्या तोंडावर ठेवला होता, आणि ते मला पुन्हा एकदा खोटं करवेना. मी तोंड जसं व्हायचं तसं होऊ दिलं.

यांनी भाऊजींच्या हातातला तुकडा काढून घेतला.

"हे गिऱ्हाइकाच्या ताटात जाणार नाही," हे म्हणाले. "बिघडलंय."

"अरे, मी खाल्लं ना आत्ता!"

"हाडाजवळचं खाऊन बघ."

भाऊजींनी दुसरा तुकडा घेतला. सावकाश चावला. बराच वेळ चावला. मग त्यांनी मान हलवली. "हो," ते म्हणाले. "शेवटी येतो वास. पण दादा, तू तर चाखलंही नाहीस. तुला कसं कळलं?"

"मला कळत नाही. वास नाही, चव नाही, वर्ष झालं." यांनी ते इतकं सरळ सांगितलं की भाऊजींच्या हातातलं हाड तसंच राहिलं. मग यांनी माझ्याकडे हात केला. "हिला कळतं. वर्षभर भट्टी हिच्या तोंडावर चाललीय. मधे तीन आठवडे ती माझ्यावर दया करत होती, तेव्हा तुझी ताटं परत आली."

भाऊजी एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागले. मी तोंडातला घास कसाबसा गिळला. त्यांना हसावं की चिडावं कळत नव्हतं. शेवटी व्यवहारातलाच प्रश्न त्यांच्या तोंडी आला.

"ठीक आहे. उद्या पुन्हा लावा भट्टी, दोघं मिळून. पण दादा, मला एक सांग, वहिनी एखाद्या दिवशी आजारी पडल्या, आल्या नाहीत, तर काय करायचं?"

हे चिमटा पुसत होते. त्यांनी वर बघितलंही नाही.

"तर त्या दिवशी बरगड्या नाहीत," हे म्हणाले. "मी घरी असेन. हिच्याजवळ बसून."